गाडीचा टाक

प्रतिज्ञापत्र करून देणार इसम : शिदू भिमाजी मेंगाळ. वय : अदमासे सदुसष्ट वर्षे. धंदा : राखणदारी. शिक्षण : निरंक. ओळखीची खूण : डाव्या तळहातावर भाजल्याचा जुना व्रण. कायमचा पत्ता : आउटहाउस, ‘गिरिछाया’ बंगला, तुंगार्ली, लोणावळा, तालुका मावळ, जिल्हा पुणे. सदर इसम सन १९७४ पासून आजतागायत खाली वर्णन केलेल्या वाहनाच्या अखंड सान्निध्यात असून वाहनाच्या अस्सलपणाबाबत त्यास व्यक्तिशः माहिती आहे. सदर इसम हे प्रतिज्ञापत्र कोणत्याही दबावाखाली करीत नाही.

हे शेवटचं वाक्य अशा कागदावर आधीच छापलेलं असतं. दबाव आहे की नाही हे विचारण्यात कुणाचा वेळ जाऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू.

बाकीच्या मजकुरातही चूक काढता येणार नाही. वय अदमासे आहे, कारण आधार कार्डावर जन्मतारीख एक जानेवारी आहे. शिदू आबांच्या वाडीतली एका पिढीची सगळी माणसं एक जानेवारीलाच जन्मली. वाडी लोहगडाच्या मागल्या अंगाला. तिथं आबांची जमीन नाही, घराचं जोतं होतं तेही आता कारवीच्या झुडपांत गेलं. व्रण मात्र खरा आहे, आणि सगळी हकिगत तिथूनच सुरू होते.

द्रुतगती मार्ग व्हायच्या आधी मुंबईहून वर येणाऱ्या गाड्या घाटात तापायच्या. शिंग्रोबाच्या देवळाच्या वरच्या वळणांवर वाड्यांमधली माणसं पाण्याचे डबे घेऊन बसलेली असत. गाडी वाफ सोडत थांबली की बॉनेटवर ओलं पोतं टाकायचं, बिडी ओढायची, आणि दुसरी बिडी संपेपर्यंत रेडिएटरच्या टोपीला हात लावायचा नाही, हे त्या धंद्यातलं एकमेव शास्त्र. चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात तिथं एक लांबलचक, काळ्या बॉनेटची, कापडी टप मागं दुमडलेली गाडी येऊन उभी राहिली. गाडीतले गृहस्थ उतरले आणि त्यांनी सरळ टोपीला हात घातला. त्यांचं नाव अण्णासाहेब प्रधान, मुंबईत मोठे वकील. वकिलाला थांबायची सवय नसते, तारीख तो दुसऱ्याला घ्यायला लावतो. शिदूनं त्यांचा हात बाजूला ढकलला, तोवर टोपी अर्धी फिरली होती. वाफ शिदूच्या तळहातावर आली. अण्णासाहेबांनी त्याला त्याच गाडीतून लोणावळ्याच्या दवाखान्यात नेलं आणि तिथून बंगल्यावर. तो परत डबा घेऊन बसला नाही.

गाडी लगोंडा होती. १९३८ सालची, सहा सिलिंडरची, साडेचार लिटरची. या गाडीचं इंग्रजीपण तसं उसनंच. इंग्लंडात तो कारखाना एका अमेरिकन गृहस्थानं काढला आणि आपल्या गावाकडच्या ओढ्याचं नाव गाडीला दिलं. आपल्याकडं कुणी ‘इंद्रायणी’ नावाची मोटर काढावी आणि ती पुढं साहेबलोकांनी मिरवावी, तसं. टप टाकता येणाऱ्या या जातीच्या गाड्या फार थोड्या बांधल्या गेल्या. पुढच्याच वर्षी युद्ध लागलं आणि जगाला वाऱ्यावर केस उडवत फिरण्यापेक्षा निकडीची कामं निघाली. ही एक त्याआधीच बोटीनं मुंबईला उतरली होती. दख्खनेतल्या एका छोट्या संस्थानिकानं ती मागवली होती. संस्थान इतकं छोटं, की गाडी तिसऱ्या गिअरला पडेपर्यंत हद्द संपायची. संस्थान विलीन झालं, राजे वारले, आणि बासष्ट साली ती अण्णासाहेबांकडे आली.

शहाऐंशी साली तिचा पाण्याचा पंप गेला. सुटा भाग विलायतेहून येणार होता. तो अजून वाटेत असावा.

तेव्हापासून गाडी गॅरेजमध्ये चार लाकडी ठोकळ्यांवर उभी आणि शिदू तिच्या दिमतीला. दर सोमवारी पुढून हॅन्डल घालून इंजिन सात फेरे फिरवायचं, म्हणजे ते आतून धरत नाही. सीटांच्या कातड्याला खोबरेल. टपाच्या घड्यांत उंदरांसाठी निरगुडीचा पाला. लोणावळ्याच्या पावसात चपलेला बुरशी येते, पापडाला येते, एका जागी फार वेळ बसलेल्या माणसाला यायचीच तेवढी बाकी असते. म्हणून जून ते सप्टेंबर गॅरेजच्या कोपऱ्यात कोळशाची शेगडी. गाडीला सुके कोळसे आणि आपल्या चुलीला ओली लाकडं, यावरून शिदूच्या बायकोनं, बायानं, चाळीस पावसाळे एकच वाक्य ऐकवलं : “सवत आनली आसती तर परवडली आसती. निदान पानी तरी भरलं आसतं तिनं.”

उन्हाळ्याच्या शेवटी गाडीच्या पोटाला डांबर, हे तर ती चालती होती तेव्हापासूनच. पत्र्याला, नळ्याला, कौलाखालच्या वाशाला जे करतात तेच. पहिल्या वर्षी शिदू ब्रश घेऊन गाडीखाली गेला तेव्हा अण्णासाहेब स्वतः वाकले होते. पुढच्या उजव्या स्प्रिंगपाशी, चासीच्या लोखंडात पाच आकडे ठोकलेले होते. “हे तिचं नाव,” ते म्हणाले. “यावर डांबर नको.” शिदूनं तेवढ्या जागेवर ग्रीस थापलं आणि वर चिंधी गुंडाळली. दर वर्षी जुनी चिंधी काढायची, आकडे पुसायचे, नवं ग्रीस, नवी चिंधी. तो व्रतासारखं करत आला.

बॉनेटखाली एक पितळी पट्टी होती, तिच्याबद्दल मात्र अण्णासाहेब काही बोलले नव्हते. म्हणून शिदूनं आपल्या बुद्धीनं ठरवलं.

घरोघरच्या देव्हाऱ्यात टाक असतात. चांदीचे, पितळेचे, चपटे, हाताच्या पेराएवढे. त्यांवर खंडोबा, बहिरोबा, घरातले गेलेले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते चिंच लावून उजळायचे. तीन-चार पिढ्यांनी घासलेल्या टाकावर शेवटी नाक-डोळे उरत नाहीत, नुसता गुळगुळीत उंचवटा उरतो, आणि टाक जितका गुळगुळीत तितकं घर जुनं. शिदूनं पितळी पट्टी पाहिली, तिच्यावरची उठावाची अक्षरं पाहिली, आणि हा गाडीचा टाक आहे हे त्याला सांगावं लागलं नाही. खंडेनवमीला गाडीला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू, आणि टाकाला चिंच, राख, हळदकुंकू. अशा पन्नास खंडेनवम्या.

अण्णासाहेब नव्व्याण्णव साली गेले. इच्छापत्रात एक कलम त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं : “गाडी या आवारात असेपर्यंत शिदूने तिची निगा राखावी, व तोपर्यंत त्याने व त्याच्या पत्नीने आउटहाउसमध्ये राहावे.” हेतू चांगला होता. कायद्याच्या भाषेत मात्र शिदू त्या दिवसापासून गाडीचा एक जोडभाग झाला. गाडी आहे तोवर खोली, आणि खोली आहे तोवर आबा.

पंचवीस वर्षं कुणी ते कलम वाचलं नाही. मग अण्णासाहेबांचा मुलगा सुहास आणि परदेशातल्या दोघी बहिणींनी बंगला रिसॉर्टवाल्यांना द्यायचं ठरवलं. ताबा जूनमध्ये. सुहास साठीचा, सभ्य माणूस. वाईट बातमी देताना समोरच्यापेक्षा जास्त ओशाळणारा. “शिदू, माझ्या हातात काही नाही,” तो म्हणाला. “बंगळूरला एक संग्राहक आहे, त्याला गाडी हवीय. पुण्याहून एकजण बघायला येईल. गाडी खरी निघाली तर ती जाईल.”

“आन न्हाई निगाली तर?”

“तर घेणार नाही तो. मग राहीलच इथं. बघू.”

एवढं पुरे होतं. ज्या दिवशी पुण्याचा माणूस यायचा होता त्या सकाळी बायानं चहाचा पेला नवऱ्याच्या हातात दिला आणि सोडला नाही.

“त्यो नंबर इचारंल,” ती म्हणाली.

“इचारू दे की.”

“तुमी बोलायचं न्हाई. तुमाला कुटं वाचाया येतं? न्हाई म्हाईत म्हनायचं.”

“अगं, पन तिचं नाव हाय ते—”

“माजं नाव काय हाय?”

“बाया.”

“मंग मी कुटं जाऊ ते सांगा. रंजीच्या एका खोलीत चार मानसं हाईत.” रंजी म्हणजे त्यांची मुलगी रंजना, कुसगावात भाड्यानं राहते.

पुण्याचे प्रदीप सरनोबत जुन्या गाड्या तपासून दाखला देतात. त्यांनी पांढरे हातमोजे घातले, बॉनेट उघडलं, विजेरी मारली, आणि ती पितळी पट्टीवर धरून ठेवली.

“आबा, हे काय आहे?”

“टाक.”

“काय?”

“गाडीचा टाक. खंडेनवमीला उजळतो न्हवं मी.”

पट्टी आरशासारखी होती. तीत सरनोबतांचं नाक दिसत होतं, बाकी काही नाही. त्यांनी भिंग लावलं, पट्टीवर पीठ चोळून पाहिलं, तिरका उजेड टाकला. कारखान्याचं नाव नाही, साल नाही, नंबर नाही.

“कशानं उजळता?”

“चिंच आन राख. पयल्यांदा इटकरीची भुकटी घेयचो, पन ही म्हनली लय खरवडतंय.”

“मावशींचे उपकार,” सरनोबत म्हणाले आणि एका पालथ्या डब्यावर बसले. “आबा, या पट्टीवर गाडीचा नंबर होता. तो नंबर आणि कारखान्याच्या वहीतला नंबर जुळला की ही ती गाडी. तो तुम्ही घासून टाकलात.”

शिदू आबांना यातली चूक दिसेना. “टाक झिजला म्हंजी द्येव गेला व्हय? आमच्या खंडोबाला नाक न्हाई, डोळं न्हाई. त्यो हाय का न्हाई?”

“तुमचा खंडोबा आहे हो. ही गाडी आहे की नाही, एवढंच मला लिहून द्यायचंय.”

मग ते म्हणाले की नंबर चासीवरही कुठंतरी असायला पाहिजे, आणि सतरंजी टाकून गाडीखाली गेले. खाली पन्नास वर्षांचं डांबर होतं. विजेरी फिरत फिरत उजव्या स्प्रिंगपाशी थांबली.

“ही चिंधी कसली?”

दारात उभ्या असलेल्या बायाला खोकला आला.

“गळती व्हती,” शिदू आबा म्हणाले.

ज्या गाडीत अडतीस वर्षं तेलाचा किंवा पाण्याचा थेंब नाही तिला गळती कसली, हे सरनोबतांच्या लक्षात यायला हरकत नव्हती. पण चिंधी काळी, चिकट होती आणि हातमोजे पांढरे होते. त्यांनी दाखला दिला : वाहन जुने व देखणे, ओळख पटत नाही.

त्यानंतरचे पाच आठवडे बायाचे. तिनं खोलीला चुना दिला. गळकी तीन कौलं बदलली. दाराशी भोपळ्याचं बी टोचलं, म्हणजे तो धरेपर्यंत तरी इथून हलायचं नाही असा तिचा हिशेब. शिदू आबा सोमवारी सात फेरे देत होते, पण त्या काळात ते गाडीशी बोलत नव्हते, असं बाया सांगते. आधी बोलत असत हे तिनं ओघातच सांगितलं.

फेब्रुवारीच्या अखेरीला सुहास पुन्हा आला. बरोबर पिंपरीकडचा बाजीराव नावाचा माणूस होता. हा जुन्या गाड्या सोडवतो, म्हणजे मोडतो. त्याच्याकडं हातमोजे नव्हते, खडू होता. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि दोन्ही हेडलाइटांवर, रेडिएटरवर, चाकांवर, स्टिअरिंगवर एकेक फुली केली. लग्नघरी देण्याघेण्याची भांडी मोजतात तसा त्याचा चेहरा होता.

“ह्ये काय चाललंय, दादा?” शिदू आबांनी सुहासला विचारलं. तो दहा वर्षांचा असताना याच बॉनेटवर बसवून त्यांनी त्याला जांभळं चारली होती.

“शिदू, नंबर नाही, त्यामुळं ती अख्खी कुणी घेत नाही. सुटी जाईल. लाइट एकाकडं, इंजिन एकाकडं.” तो जमिनीकडे बघत होता. “जूनला ताबा द्यायचाय. माझ्या हातात काही नाही.”

“पन कागदात लिवलंय. गाडी हाय तवर—”

“असेपर्यंत, असं लिहिलंय. परवापर्यंत ती नसेल.”

हे बायाला किंवा शिदू आबांना सुचलं नव्हतं. गाडी अख्खी गेली तर खोली जाते, एवढंच त्यांनी धरलं होतं. ती मोडूनही जाऊ शकते, आणि त्यातही खोली जातेच, हे अण्णासाहेबांनाही सुचलं नव्हतं. ते तर वकील होते.

बाजीरावनं डाव्या हेडलाइटच्या बोल्टला पाना लावला. पन्नास वर्षं ग्रीस लावलेला बोल्ट. त्याला जोर लावावाच लागला नाही, पहिल्याच झटक्याला फिरला. “अरे वा,” तो म्हणाला, “लोण्यासारखा हाय की!” आयुष्यात शिदू आबांच्या कामाची कुणी मोठ्यानं केलेली ही पहिली तारीफ.

आबांनी दाराकडं बघितलं. बाया तिथं उभी होती, हाताला चुना. ती काही खोकली वगैरे नाही.

“जावा,” ती म्हणाली. “सांगा आता तुमच्या सवतीचं नाव.”

“सवत तुजी. माजी कशी?”

“जावा म्हनलं न्हवं?”

आबांनी रॉकेलची बाटली आणि फडकं घेतलं आणि सतरंजी न टाकता गाडीखाली गेले. चिंधी सोडली, ग्रीस पुसलं. “कुनी वाचनार आसंल तर वाचा,” ते खालून म्हणाले. सुहासची कंबर वाकत नव्हती, म्हणून बाजीराव आत शिरला. ज्याचं नुकसान व्हायचं होतं त्यानंच पाच आकडे खणखणीत आवाजात वाचले. वाचून झाल्यावर बाहेर आला, बोल्ट परत पिळला आणि आपल्या फुल्या बाहीनं पुसल्या. “माझं काम न्हाई हे,” तो म्हणाला. “ही जिवंत गाडी हाय.”

फोटो पुण्याला गेला. चार मिनिटांत सरनोबतांचा फोन आला. कारखान्याच्या वहीशी आकडे जुळत होते.

“आबा, हे त्या दिवशी का नाही सांगितलंत?”

“तुमी पांढरं हातमोजं घातलं व्हतं,” शिदू आबा म्हणाले. दुसरं कारण फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

संग्राहकाला आता गाडीची अखंड हकिगत हवी होती, आणि हकिगत माहीत असलेला जिवंत माणूस एकच होता. म्हणून तालुक्याला, वडगावला, जाऊन ते प्रतिज्ञापत्र झालं. टंकलेखकानं काटकसरीनं त्याच कागदाच्या उरलेल्या भागात आणखी एक परिच्छेद घातला : सदर वाहन आवारातून गेल्यावर आउटहाउसवर माझा कोणताही हक्क वा दावा राहणार नाही. वरच्या अर्ध्या भागात शिदू भिमाजी मेंगाळ यांनी गाडी खरी ठरवली, आणि खालच्या अर्ध्या भागात त्याची किंमत कोण देणार ते ठरलं. अंगठा एकच पुरला.

“कोणत्याही दबावाखाली नाही, बरोबर ना आबा?” वाचून दाखवणाऱ्यानं विचारलं.

“व्हय.”

“जरा मोठ्यानं.”

“व्हय म्हनलं की!”

गाडी एप्रिलमध्ये गेली. उघडा ट्रक आला होता, तिला दोरखंडानं वर ओढून घेतली. चालकानं विचारलं, “काका, चालू होते का?” आबा म्हणाले, “न्हाई. पन फिरती.” त्यांनी हॅन्डल फडक्यात गुंडाळून त्याच्या हातात दिलं आणि सोमवार, सात फेरे, हे दोनदा सांगितलं. त्या दिवशी मंगळवार होता.

सरनोबत झिजलेली पट्टी सोडवून घेऊन आले होते. नवी करून बसवणार होते, नंबरासकट. “ही आता काही कामाची नाही,” असं म्हणून त्यांनी ती आबांना दिली. देणारा माणूस वाईट नव्हता. खरोखरच ती काही कामाची नव्हती.

आता आबा आणि बाया कुसगावात रंजनाकडं असतात. खोली एक, माणसं सहा. जावई गणेश शिरगावच्या फेऱ्या मारणारी सहा आसनी चालवतो, तो रात्री खोलीत मावत नाही म्हणून रात्रपाळीच्या माणसासारखा दिवसा जागा शोधून झोपतो. टाक टीव्हीच्या वरच्या फळीवर आहेत : खंडोबा, बहिरोबा, आबांचे वडील भिमाजी, आणि शेवटी ती पट्टी. चौघांपैकी कुणालाच चेहरा नाही. पहिल्या दिवशी रंजनानं विचारलं, “आये, ह्यो कंचा द्येव?” बाया म्हणाली, “तुज्या बापाचा. हात लावू नगं, चिडल.”

मे महिन्यात सरनोबतांनी गणेशच्या फोनवर एक चित्रफीत पाठवली. बंगळूरच्या रुंद रस्त्यावर गाडी चालली होती. टप मागं टाकलेला, रंग नवा, पोटाचं डांबर खरवडलेलं. बाजूला इंग्रजीत लिहिलं होतं, ते गणेशनं वाचून दाखवलं : डोंगरातल्या कोरड्या हवेत जपलेली. लोणावळ्याच्या हवेला कुणी कोरडी म्हणालं, ते ऐकून बायाच्या तोंडातला घास बाहेर आला. आबांनी चित्रफीत तीनदा पाहिली. इंजिनाचा आवाज ते अडतीस वर्षांनी ऐकत होते.

“टोपी कोन उगडतं तिची?” त्यांनी विचारलं. “कुनी सांगितलंय का त्यास्नी, दुसरी बिडी संपस्तवर थांबायचं?”

गणेश म्हणाला, आता नवा पंप घातलाय, तापत नाही ती.

आबांनी फोन त्याच्या हातात परत दिला आणि म्हणाले, “मंग बरं हाय.”

प्रतिज्ञापत्राची एक प्रत त्यांनी टाकांखाली घडी करून ठेवली आहे. त्यात नमूद केलेला कायमचा पत्ता पाच जूनला सकाळी पाडायला घेतला. अकरापर्यंत काम संपलं होतं.